गंगा उलटी वाहील तवा

माझी पिठाची गिरण आहे, पुणतांब्यात, घाटाकडं उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी. गिरणवालीला ऐकू कमी येतं असं गावात म्हणतात. साफ खोटं. ऐकू येतं, पण अर्धंच येतं, आणि उरलेलं अर्धं ती आपल्या मनानं भरते. माझ्या ह्याच खोडीपायी एक साठीची बाई घराला कुलूप लावून थेट समुद्राच्या तोंडापर्यंत गेली. तिचं नाव कडूबाई. गोष्ट तिची आहे. मी मध्ये लुडबुडले म्हणून मला सांगावी लागतेय.

कडूबाई मूळची पाथर्डीकडची. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून ही जन्मली तेव्हा आजीनं नाव ठेवलं कडू. कडू जिनसेला यमसुद्धा तोंड लावत नाही, असा आजीचा विचार. तिकडच्या नद्यांना पाणी चार दिवस आणि वाळू बारा महिने. आईबाप ऊस तोडायला कोपरगाव पट्ट्यात यायचे, ही त्यांच्याबरोबर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत वाढली आणि अठराव्या वर्षी आमच्या गल्लीतल्या सहादेवतात्यांची बायको होऊन आली. पहिल्याच सकाळी धुणं घेऊन घाटावर गेली ती दुपारपर्यंत परतली नाही.  सासू शोधत गेली तर नवी नवरी शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसलेली, आणि धुणं तसंच कोरडं.

"आत्याबाई, हे एवढं पानी जातं कुठं?" तिनं विचारलं म्हणे.

"खाली जातं. आन् तू चल वर. सैपाक काय गंगा करनार हाय?"

आमच्याकडं गोदावरी कुणी म्हणत नाही. गंगाच म्हणतात. ज्या मुलखातून कडूबाई आली तिथं हंडाभर पाण्यासाठी जीव टाकायचा, त्यामुळं गंगेवर तिचा जीव जडला तो कायमचा. तात्यांची नोकरीही नदीचीच. पाटबंधारे खात्यात रोजंदारीवर होते. पुलाच्या खांबावर रंगानं रेघा ओढल्यात, पाणी कुठल्या रेघेला लागलंय ते वाचायचं आणि आकडा ऑफिसात कळवायचा. नाशिककडची धरणं सुटली की दर तासाला. जन्मभर हेच केल्यामुळं माणूस बोलायचाही तेवढंच, आकड्याएवढं. नवऱ्याचा वाटा मग कडूबाई बोलायची. नावानं कडू, पण जिभेनं तिखट. भाजीवाल्यापासून सरपंचापर्यंत कुणाची भीडभाड ठेवली नाही.

लग्नाला बारा वर्षं झाल्यावर राजी झाली, राजेश्वरी. एकुलती एक. आईनं तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि पोरगी निघाली आईसारखीच, नाकावर माशी बसू न देणारी. पुढं ती कोपरगावला शेतीऔषधांच्या दुकानात कामाला लागली. तिथं सत्तीबाबू यायचा. हा आंध्रातला, गोदावरीच्या मुखाकडचा गडी. शेततळ्यात सोडायचं माशांचं बियाणं टेम्पोतून घेऊन यायचा आणि दोन वर्षं कोपरगावातच खोली करून राहिला होता. मराठी तो राजीकडून शिकला. ती का शिकवत होती ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. इकडं कडूबाईनं राहात्याचं स्थळ पक्कं केलेलं, सुपारी फुटलेली. राजीनं कोर्टात लग्न केलं आणि त्याला घेऊन पाया पडायला दारात आली. मी गिरण बंद करून बघायला गेले होते, खोटं कशाला बोलू. सगळी गल्ली गेली होती.

कडूबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "गंगा उलटी वाहील तवा ये. तवर ह्या उंबऱ्याला पाय लावू नको."

राजीनं पदर पुढं केला होता. लेक सासरी निघाली की आई तिच्या पदरात खण, नारळ, मूठभर गहू घालते, ओटी भरते. वैऱ्याच्या लेकीलाही कुणी रिकाम्या पदरानं दाराबाहेर घालवत नाही. कडूबाईनं घालवलं. राजी तसाच पदर धरून थोडा वेळ थांबली, मग तो खोचला आणि गेली. सत्तीबाबूला काय झालं तेच कळलं नाही, तो बिचारा आमच्या सगळ्यांकडं बघून हात जोडत होता.

त्याला सहा वर्षं झाली.

तात्या लेकीशी बोलायचे. रिटायर झाले तरी सकाळी पुलाचा खांब बघायला जायचेच, तिथून फोन लावायचे. हे कडूबाईला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे तात्यांनाही माहीत होतं. पण घरात राजीचं नाव काढायची सोय नव्हती. मग त्या दोघांनी एक तऱ्हा काढली. तात्या घाटावरून आले की ती चुलीकडं तोंड करूनच विचारायची, "पानी कसं हाय?"

"बरं हाय. चार बोटं वाढलं."

म्हणजे राजी खुशीत आहे. मी पिठाचा डबा पोचवायला जायचे तेव्हा हे कानावर यायचं, आणि पहिल्यांदा मला वाटलं, ह्या म्हातारीला नदीचं एवढं काय पडलंय! मग एकदा भर श्रावणात, गंगा दुथडी भरून चाललेली असताना तात्या आले, चप्पल न काढताच ओसरीवर बसले आणि म्हणाले, "उतरलं पानी. पार तळाला गेलं."

कडूबाईची भाकरी तव्यावर तशीच जळली. राजीचं पहिलं पोट पडलं होतं. दुसऱ्या साली पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळेला कडूबाई आठ-आठ दिवस कुणाशी भांडली नाही, आणि कडूबाई भांडत नाही म्हणजे काय ते आमच्या गल्लीला बरोबर कळतं. मी तिला म्हणलं, "मावशी, जा गं जाऊन ये. नाहीतर तिला तरी बोलाव." तर म्हणाली, "मी थुकलेलं चाटनारी न्हाई." असं म्हणाली आणि नाक पुसत आत गेली.

संध्याकाळी ती घाटावर जाऊन बसायची, खालच्या अंगाला तोंड करून, जिकडं पाणी जातं तिकडं. एकदा मी तिथं होते तेव्हा तिनं नवऱ्याला विचारलं, "आवं, हे पानी त्या तिकडं कवा पोचत आसंल?"

तात्यांनी विचार केला. उगाच धीर द्यायचा त्यांचा स्वभाव नाही. "पैठनला धरनात अडतं. धरान भरलं, दारं उघडली, तरच पुढं."

"आन् न्हाई उघडली तर?"

"तर न्हाई पोचत."

तेव्हापासून पावसाळ्यात तिचं लक्ष पैठणकडं. धरणाची दारं उघडल्याचं मोबाईलवर आलं की ही पुराच्या पाण्यात गंगेची ओटी भरायची. आम्ही सगळ्याच भरतो, पण आमचा खण हाताला येईल त्या रंगाचा. हिचा दर वेळी मोरपंखी. राजीला लहानपणापासून मोरपंखी लागायचा. मी मुद्दाम खोचून विचारलं, "कुणासाठी गं मावशी एवढा निवडून घेतलास?"

"गंगंसाठी. तुला काय करायचंय? तू आपलं पीठ दळ."

आता माझी चूक सांगते. गेल्या माघातली गोष्ट, रथसप्तमीचा आदला दिवस. हळदीकुंकवाच्या गडबडीत गिरणीत डब्यांची ही रांग लागलेली. पट्टा फिरतोय, ज्वारी पडतेय, आणि माझा फोन वाजला. राजीचा. ती मला अधूनमधून करायची, आईच्या गल्लीतला आवाज ऐकायला. मी एका हातानं पीठ सारत फोन कानाला लावला. त्या घरघरीत मला ऐकू आलं ते असं: "वहिनी... दोन महिने झाले... दिवस... भरती... ओटी... आईला सांगा, नक्की सांगा हां." आणि फोन बंद पडला.

दोन महिने. दिवस. ओटी भरती. आईला सांगा. आता तुम्हीच बोला, कुठल्या बाईनं ह्याचा दुसरा अर्थ काढला असता? मी गिरण चालू टाकून पळाले.

कडूबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. "मावशी," मी धापा टाकत म्हणलं, "राजीला दिवस गेलेत. दोन महिने झाले. ओटी भरायची म्हणतीय."

ती हलली नाही. मांडीवरचं सूप तेवढं घसरलं आणि दाणे ओसरीभर झाले. "तिनं मला सांगाया सांगितलं?"

"तुलाच."

"तात्यांला न्हाई? मला?"

"आईला सांगा, नक्की सांगा, असं म्हणली बघ."

बाई गं! ती कडूबाई, जिनं भर ग्रामसभेत ग्रामसेवकाला घाम फोडलेला, ती तोंडावर पदर घेऊन लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. "माझी राजी," म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडून ऐकलं. मग डोळे पुसले आणि लगेच कामाला लागली. तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात आमच्यात. पाहुणे नाहीत, गाजावाजा नाही, आई आणि जवळच्या दोघी-तिघी, चोरून भरायची, दृष्ट लागू नये म्हणून. आणि दोन पोटं गेलेल्या लेकीची तर आणखीच जपून.

"फोन करायचा न्हाई कुनी," तिनं मला आणि तात्यांना बजावलं. "बोभाटा नको. आपुन जायाचं आन् भरायची."

"आणि ते गंगा उलटी वाहील तेव्हा म्हणली होतीस, ते गं?" मला राहवलं नाही.

"जिभंला काय हाड आसतं व्हय? बोलले तवा. आता त्याची काय पूजा घालू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी राजीचा परत फोन. गिरण अजून सुरू व्हायची होती, त्यामुळं शब्द न् शब्द ऐकू आला. "सांगितलं का वहिनी आईला? काय म्हणाली?"

"अगं, नाचायची बाकी आहे. चोरओटीची तयारी चाललीय."

"चोरओटी? कुणाची?"

"तुझी! तूच नाही का म्हणलीस, दिवस, ओटी भरती..."

 राजी म्हणाली, "वहिनी, मी भरती-ओहोटी म्हणले होते. समुद्राची. दोन महिने झाले आम्ही नरसापूरला राहायला आलो, नदीच्या काठाला. आधी तळ्यांवर राहायचो, तिथून नदी दिसत नव्हती. इथं दिवसातनं दोनदा भरती येते आणि नदी उलटी वाहते. ते आईला सांगा म्हटलं. तिचीच अट होती ना."

मी पोत्यावर मटकन बसले. समुद्र कुठं आणि आम्ही कुठं! आमच्याकडं भरती म्हणजे पोरं भिंगारला पळायला जातात ती, मिलिटरीची. आणि ओटी म्हणजे ओटी. ओहोटी शाळेच्या पुस्तकात असेल कधीतरी, मी काय तिचा वापर करणार? दळणात?

"मी आत्ता जाते आणि सांगते तिला," मी म्हणलं. "माझं मेलीचं चुकलं."

"नको," राजी म्हणाली. "सांगितलंत तर ती येणार नाही. ती येतीय ना? येऊ द्या, वहिनी. एवढं करा. इथं आल्यावर मी सांगेन." आणि मग ती रडायला लागली, आणि मी फोन धरून तशीच बसून राहिले.

तरी मी सांगायला गेले होते, देवाशपथ. दारातून बघितलं तर कडूबाई ओटीचे गहू निवडत होती, एक एक दाणा उन्हात धरून. शेजारी मोरपंखी खण, हळकुंडं, खारका. आणि बाई गुणगुणत होती. मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "मावशी, मी पण येते बरोबर." लढाईला जायची हिंमत आहे माझ्यात, पण ते गुणगुणणं बंद पाडायची नाही.

नगरसूलहून निघालेली गाडी थेट नरसापूरलाच संपते, मध्ये बदलायची भानगड नाही. पण बसून बसून पाठीचा काटा ढिला होतो. कडूबाईनं ओटीची पिशवी ना सीटखाली ठेवली ना वर. मांडीवर घेऊन बसली. तिला डुलकी लागल्यावर तात्या माझ्याकडं वळले. "दिपाली, तू नेमकं काय ऐकलंस?"

त्या माणसापुढं खोटं बोलता येत नाही. मी सगळं सांगितलं.  "आकडा चुकून गेला, तर पुढच्या तासाला दुरुस्त करून कळवायचा असतो," ते म्हणाले. मग बायकोकडं बघितलं. ती पिशवीवर गाल टेकून झोपली होती. "ह्या टायमाला ऱ्हाऊ दे," म्हणाले.

मी गुपचूप गाडी कळवलेली, त्यामुळं स्टेशनावर राजी उभी होती. दोघी समोरासमोर आल्या आणि दोघींनाही पुढं काय करायचं ते सुचेना. सहा वर्षं म्हणजे काय थोडी? राजी बारीक झाली होती, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"वाळलीस," कडूबाई म्हणाली.

"तू पन."

"माझं काय, मी म्हातारी झाले." आणि तिनं राजीच्या गालाला हात लावला, लावला तो काढलाच नाही. सत्तीबाबूनं वाकून "अत्तय्या" म्हणत पाया धरले. त्यांच्यात सासूला तसं म्हणतात. कडूबाईला वाटलं, जावई आत्या म्हणतोय. "चांगलं शिकीवलंस की त्याला," ती लेकीला म्हणाली. मी आणि राजीनं एकमेकींकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कडूबाई न्हाऊन तयार. "चला, भरून घिऊ. आज दीस चांगला हाय." राजी म्हणाली, "आधी नदीवर चल, आई. गंगा बघ, मग घरी येऊन भर." घरापासून चार पावलांवर धक्का होता, तिथून पलीकडं माणसं-गाड्या नेणारी मोठी नाव सुटते. कडूबाई पिशवी काखेत मारूनच आली. ती काय ठेवते घरी!

आमची गंगा माघात घाटाखाली डबक्याएवढी होते. आणि इथं पलीकडचा काठ दिसायला डोळ्यांवर हात धरावा लागला. कडूबाई बघतच राहिली. मग तिचं लक्ष पाण्यावरच्या हिरव्या झुबक्यांकडं गेलं. जलपर्णी, आपल्याकडं असते तीच. ते झुबके एकामागून एक चालले होते.

"आई," राजी म्हणाली, "समुद्र हिकडं हाय, उजव्या हाताला. आपलं गाव तिकडं, डाव्या हाताला. आता बघ, ती पानं कुठं चाललीत?"

पानं डाव्या हाताला चालली होती. समुद्राकडून वर.

कडूबाईनं दोनदा मान इकडून तिकडं फिरवली. खाली वाकली, काठावरची काटकी उचलून पाण्यात टाकली. काटकी क्षणभर थांबली आणि वर निघाली. बाईनं दुसरी टाकली. तीही वर गेली.

तात्या तेवढ्यात धक्क्याच्या खांबाजवळ पोचलेसुद्धा. खिशातून वही काढून त्यांनी खांबावर खडूची रेघ मारली. सत्तीबाबू त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगायला लागला. पुनव जवळ आली की समुद्र जास्त फुगतो. तो फुगला की नदीला पुढं जायला जागा राहत नाही, ती थांबते, मग मागं फिरते. सगळं खारं पाणी वर येतं असं नाही. खारं थोडंच येतं, बाकी नदीचंच गोडं पाणी मागं रेटलं जातं. तिकडं आत कैक कोसांवर, जिथं समुद्राचा वाससुद्धा नाही, तिथं पाऊस नसताना काठाचं पाणी चढतं आणि सहा तासांनी उतरतं. मला हे लगेच कळलं. गिरणीत खालची पिशवी भरली आणि बदलायला उशीर झाला की पीठ नळीत तुंबत जातं आणि वरपर्यंत चढतं. अडतं खाली, पण कळतं वर.

"कितीक आत जातं हे?" तात्यांनी विचारलं.

"दवलेश्वरम. तिथं मोठा बांध आहे, तात्या. तिथं बस. पन्नास, साठ किलोमीटर असेल."

"आन् पुनतांब्यापत्तूर?" कडूबाईनं विचारलं.

सत्तीबाबू हसला. मग ती हसत नाही हे बघून तात्यांकडं वळला. तात्या म्हणाले, "आपलं गाव लई उंच, लई लांब. समुद्र कितीबी चढला तरी तितवर न्हाई यायचा. त्याचा जोर हितंच सरतो."

 कडूबाई पाण्याकडं बघत उभी राहिली. राजीनं तिचा हात धरला. "आई, मी वहिनींना फोनवर हे सांगत हुते. नदी उलटी वाहती, आईला सांगा म्हनले. ह्याला भरती-ओहोटी म्हनत्यात. गिरणीच्या आवाजात त्यांनी ओटी ऐकलं." तिनं आईचा हात आणखी घट्ट धरला. "मला दिवस न्हाईत, आई. होतील का न्हाई ते डॉक्टरलाबी सांगता येईना."

 कडूबाई आधी माझ्याकडं वळली. "दिपे, कानात पीठ गेल्तं का गं तुझ्या?"

"मावशी, चुकलं माझं..."

"तुला कवा कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"आन् मला खुशाल गहू निवडू दिलंस!" तिनं हात उगारला. मला वाटलं आता बसते कानाखाली, आणि बसायलाच पाहिजे होती. पण हात तसाच खाली आला. ती धक्क्याच्या दगडावर बसली, पिशवी मांडीवर.  माणसं नावेत चढत होती, मोटारसायकली ढकलत होती, आणि मध्येच ही बाई पिशवीची गाठ सोडत बसलेली.

"राजे," ती म्हणाली, "फुडं बस. पदर धर."

"आई, दिवस न्हाईत म्हनले ना मी..."

"ऐकलं. मी काय दिपाली न्हाई. पदर धर." राजी तिच्यापुढं बसली. "लेकीची ओटी भराया दिवस कशाला लागत्यात? तू पदर धरून हुबी हुतीस माझ्या दारात आन् मी भरली न्हाई. सहा वर्षं, राजे. सहा वर्षं रोज रातच्याला माझ्या डोळ्यांफुडं तो रिकामा पदर. भाकर गिळंना की मला. पोरं ऱ्हातील तर ऱ्हातील, न्हाई ऱ्हायली तर आपुन दोघी हाईतच की. तू धर."

राजीनं मोरपंखी साडीचा पदर पसरला. तीही मुद्दाम मोरपंखीच नेसून आली होती. कडूबाईनं खण ठेवला, नारळ ठेवला, हळकुंडं, खारका, आणि निवडलेले गहू ओंजळीनं घातले, एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या ओंजळीतले निम्मे गहू धक्क्यावर सांडले. नावेला निघालेल्या दोन बायका थांबून बघत होत्या. त्यांना भाषा कळली नसेल, पण त्याही डोळ्यांना पदर लावत होत्या. तात्यांनी आमच्याकडं पाठ केली होती आणि खांबाकडं तोंड करून ते आकडा लिहीत होते, जो त्यांना दिसत नव्हता हे मी सांगू शकते.

आम्ही चार दिवस राहिलो. आईलेकी भांडल्याही. तांदळाला किती पाणी घालायचं ह्यावरून कडूबाईनं अख्खं घर डोक्यावर घेतलं, आणि राजी हसत हसत ऐकून घेत होती. तात्यांनी वहीची सहा पानं भरली. भरती रोज पाऊणएक तास उशिरा येते हे त्यांचं त्यांनी शोधून काढलं आणि सत्तीबाबूला असं सांगितलं, जसं काही त्या गावाला ते माहीतच नव्हतं.

निघायच्या दिवशी पिशव्या दारात ठेवलेल्या, रिक्षा यायची होती. राजी आतून ताट घेऊन आली. त्यात तिकडचे जाडे तांदूळ, नारळ आणि एक खण.

"हे काय गं?"

"पदर धर, आई. माझ्या घरून तू रिकामी जानार हाईस का?"

"आगं, आई भरती लेकीची. लेक कुटं आईची भरती?"

"तू सवाष्न हाईस, माझ्या दारात आलीस, आता चाललीस. धर."

कडूबाईनं पदर पुढं केला. मी तिला कुणापुढं पदर पसरताना जन्मात पाहिलं नव्हतं. राजीनं ओंजळीनं तांदूळ घातले आणि कडूबाईच्या डोळ्यांतलं पाणी त्या तांदळांवर टपटप पडायला लागलं. ती पुसेना, कारण हात पदराला गुंतलेले.

"कवा येतीस?" तिनं खाली मान घालूनच विचारलं.

"तू बोलवशील तवा," राजी म्हणाली.

"मग आत्ताच चल की गं."

सत्तीबाबूला तेवढं मराठी येत होतं. तो एका पायात चप्पल घालून स्टेशनाकडं तिकिटाला पळाला.